जुन्या खेळांचीं नवीं यंत्रें

ज्यांचें बालपण इ. स. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत गेलें, अशा आमच्या वाचकांस 'कॅसेट' हा शब्द ऐकतांच दोन वस्तू आठवतात. एक गाण्यांची, आणि दुसरी व्हिडिओ गेमची. ही दुसरी कॅसेट म्हणजे वास्तविक फीत नव्हेच. प्लॅस्टिकच्या चपट्या डबींत बसविलेली ती एक चिप. परंतु मुलांनीं तिला कॅसेट म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें. खेळ अडला म्हणजे ती उपसावी, तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारावी आणि पुनः खुपसावी, हा उपाय त्या काळच्या बालसृष्टींत सर्वमान्य होता. (वस्तुतः गुण यावयाचा तो काढून घालण्याचा, फुंकरीनें धातूच्या दातांस ओल मात्र लागे.) 'सामुराय', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं आपल्याकडे खपलेलीं तीं यंत्रें जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर' नामक यंत्राच्याच वंशांतील होतीं. तीं बैठकीच्या खोलींतील दूरचित्रवाणीस जोडीत, दोन भाऊ खेळत, आणि उरलेलीं भावंडें आपली पाळी केव्हां येते याची वाट पाहत मागें बसत.

तीं मुलें आतां स्वतः संसारी झालीं आहेत. यंत्रें माळ्यावर गंजलीं, जुन्या धर्तीची दूरचित्रवाणीही गेली. परंतु त्या खेळांची ओढ गेलेली नाहीं. ही ओढ ओळखूनच गेल्या पांच-सात वर्षांत चीन देशांतील, विशेषतः शेन्झेन शहरांतील, लहान-मोठ्या कारखानदारांनीं एक नवीन जिन्नस बाजारांत आणला आहे. तळहातावर राहील एवढें यंत्र, त्यांतच पडदा, त्यांतच बटणें, त्यांतच बॅटरी. आणि एकाच यंत्रावर वीस-पंचवीस निरनिराळ्या जुन्या यंत्रांचे खेळ चालतात. किंमत साधारणतः पन्नास ते ऐंशी अमेरिकन डॉलरांच्या आसपास. आमच्या घरीं पुतणे व भाचे यांच्या कृपेनें गेल्या दोन वर्षांत अशीं चार यंत्रें येऊन गेलीं, व त्यांपैकीं दोन अद्याप मुक्कामास आहेत. 'यांपैकीं कोणतें घ्यावें?' हा प्रश्न आप्तेष्टांकडून आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून टाकावें हें बरें, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

जाहिरातींत पहिला आंकडा असतो तो खेळांचा. 'दहा हजार खेळ!' कोणी म्हणतो 'वीस हजार!' वाचकांस आमची पहिली विनंति ही कीं, या आंकड्याकडे सपशेल दुर्लक्ष करावें. खेळ यंत्रांत नसतात; ते नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतात, आणि कार्ड मोठें घातलें कीं आंकडा फुगतो. फडताळ मोठें म्हणून घरांत विद्या अधिक, असें कोणी म्हणेल काय? शिवाय त्या कार्डाची एक वेगळीच कहाणी आहे. ती पुढें सांगूं. खरे प्रश्न दोनच. आपणांस कोणत्या जुन्या यंत्राचे खेळ हवे आहेत? आणि ते कोणाबरोबर खेळावयाचे आहेत? यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते.

तत्पूर्वीं, हें नवें यंत्र जुन्याचा खेळ खेळतें तरी कसें, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. प्रत्येक जुन्या यंत्राच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची, एक स्वतःची भाषा असते, आणि खेळ त्या भाषेंत लिहिलेला असतो. नव्या यंत्राच्या प्रोसेसरास ती भाषा अवगत नसते. मध्यें एक दुभाष्या लागतो. या दुभाष्यास 'एम्युलेटर' म्हणतात. आपण त्यास 'अनुकारक' म्हणूं. तो जुन्या खेळाची एकेक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, आणि तेंच कार्य नव्या प्रोसेसरकडून करवून घेतो. एवढ्यानें भागत नाहीं. जुन्या यंत्रांत चित्र काढणारी चिप वेगळी, नाद काढणारी वेगळी. त्या सर्वांचीं सोंगें या एकट्यालाच घ्यावीं लागतात, आणि तींही बरोबर त्या त्या क्षणीं. एकपात्री प्रयोग करणाऱ्या नटाप्रमाणें त्याची धांवपळ चालते. म्हणून मूळ यंत्राहून नवें यंत्र कित्येक पटींनीं चपळ असावें लागतें.

तें तसें असतें काय? फॅमिली कॉम्प्युटरचा प्रोसेसर सेकंदास सुमारें १७ लक्ष ९० हजार ठोके घेत असे, म्हणजे १.७९ मेगाहर्ट्झ. निन्टेंडोच्याच 'गेम बॉय' या हातांतल्या यंत्राचा ४.१९, पुढें २००१ सालीं आलेल्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स'चा १६.७८, आणि सोनी कंपनीनें १९९४ सालीं जपानांत काढलेल्या पहिल्या 'प्लेस्टेशन'चा ३३.८७. आतां आजच्या स्वस्त यंत्रांपैकीं अगदीं दुबळें म्हणावें असें 'मियू मिनी' घ्या. त्याचा वेग १२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे फॅमिली कॉम्प्युटरच्या सहाशें पटींहून अधिक, आणि प्लेस्टेशनच्या सुमारें पस्तीस पट. पस्तीस पटींत प्लेस्टेशनचे खेळ नीट चालतात. कारण तेथील दुभाष्या हुशार आहे. तो प्रत्येक वाक्यास थांबत नाहीं. वारंवार येणारा मजकूर एकदांच भाषांतर करून जवळ ठेवतो आणि पुढें तोच वापरतो. परंतु १९९६ च्या 'निन्टेंडो ६४' ची गोष्ट आली कीं या लहान यंत्राची छाती दडपते. त्याचा ठोका ९३.७५ मेगाहर्ट्झचा, आणि चित्रें काढणाऱ्या त्याच्या सोबत्याचें सोंग घेणें त्याहून अवघड. तात्पर्य, १९९५ पर्यंतच्या बहुतेक खेळांस सर्वांत स्वस्त यंत्र पुरे होतें. त्यापुढील प्रत्येक वर्षास अधिक दाम मोजावा लागतो.

येथें एका जपानी गृहस्थाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. गुनपेई योकोई हे निन्टेंडोंत १९६५ सालीं लागलेले यंत्रज्ञ. त्यांचें मत असें कीं, जें तंत्र जुनें, परिचित व स्वस्त झालें आहे, त्याचाच एखादा अनपेक्षित उपयोग शोधून काढावा. नव्या, महागड्या तंत्रामागें धांवूं नये. त्यांच्या विभागानें १९८९ सालीं गेम बॉय काढला, तेव्हां त्याचा पडदा रंगीतही नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा, आणि अंधारांत तर दिसेच ना. पुढल्याच वर्षीं सेगा कंपनीचें 'गेम गिअर' आलें. रंगीत, उजळ, देखणें! परंतु तें सहा पेन्सिल सेल चार-पांच तासांत फस्त करी, आणि गेम बॉय चार सेलांवर दहा-पंधरा तास सहज काढी. पालकांनीं कोणास पसंती दिली हें सांगणें नलगे. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८६ लक्षांहून अधिक यंत्रें खपलीं. आजचीं हीं पन्नास-साठ डॉलरांचीं यंत्रें पाहिलीं म्हणजे आम्हांस वाटतें, योकोई यांचा खरा वंश हाच. यांतील चिपा इतर जिनसांसाठीं केलेल्या, जुन्या झालेल्या, म्हणूनच स्वल्प मोलाच्या.

आतां प्रत्यक्ष यंत्रांकडे वळूं. बाजारांत नांवांचें अरण्य आहे. स्थालीपुलाकन्यायानें कांहीं शितें चेपून पाहूं.

मियू मिनी हें २०२१ अखेरचें. आकार पत्त्यांच्या कॅटाएवढा, पडदा २.८ इंचांचा. पाहतांक्षणींच मोह पडावा असें देखणें. परंतु वयस्क पुरुषाच्या हातांत तें अवघडतें, आणि वरच्या कडेचीं बटणें दाबतांना बोटें आखडतात. २०२३ सालीं त्याचें थोरलें भावंड 'मियू मिनी प्लस' आलें: पडदा ३.५ इंच, बॅटरी ३००० मिलिअँपिअर-तासांची, वाय-फायचीही सोय. प्रोसेसर मात्र तोच. यास फिरत्या दांड्या, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिक, नाहींत. केवळ अधिक-चिन्हाच्या आकाराचें दिशादर्शक बटण. १९९५ पर्यंतच्या खेळांस तेंच शोभतें, आणि त्याची दाब देण्याची जात उत्तम आहे.

'अ‍ॅनबर्निक' कंपनीचें घराणें फार विस्तृत. तिचीं यंत्रें वर्षांतून इतक्या वेळां निघतात कीं बारशाची तयारी करीपर्यंत पाळण्यांत दुसरें दिसतें. त्यांत 'आरजी ३५ एक्सएक्स' या कुळांतील २०२३ नंतरचीं यंत्रें लक्षांत ठेवावीं. त्यांतील चिप चार मेंदूंची, स्मरणशक्ति १ गिगाबाइट. (मियू मिनीची १२८ मेगाबाइट, म्हणजे आठवा हिस्सा.) 'प्लस' हें उभें, दांड्यांविना, 'एच' हें आडवें, दोन दांड्यांचें, आणि २०२४ चें 'एसपी' हें पुस्तकाप्रमाणें मिटणारें. ज्यांच्या घरीं यंत्र पोरांच्या दप्तरांत जाण्याचा संभव आहे, त्यांस मिटणारें बरें. पडद्यावर ओरखडे येत नाहींत. या चिपेवर निन्टेंडो ६४ चे पुष्कळ खेळ चालतात. सोनीच्या २००४ च्या 'पीएसपी' यंत्राचे कांहीं चालतात, कांहीं रखडतात. जाहिरात मात्र 'चालतात' एवढेंच सांगून थांबते.

आतां पडद्याचा हिशेब, जो आमच्या मतें या सर्व विषयाचा गाभा आहे आणि ज्याकडे खरेदी करणारे क्वचितच पाहतात. पडदा म्हणजे बिंदूंची चौकट. गेम बॉयच्या चित्रांत आडवे १६० व उभे १४४ बिंदु. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या चित्रांत २४० व १६०. प्लेस्टेशनच्या बहुसंख्य खेळांत ३२० व २४०. नव्या पडद्यावर जुना एक बिंदु पूर्ण संख्येनें गुणला गेला, दुप्पट किंवा तिप्पट, तर चित्र रेखीव उमटतें. अडीचपट, पावणेतीनपट असा भाग आला म्हणजे कांहीं बिंदु जाड, कांहीं बारीक होतात. अक्षरें वांकडीं दिसतात, आणि चित्र सरकूं लागलें कीं त्यावर एक लहर उठते. डोळा तीस मिनिटांत थकतो, पण कशानें थकला तें कळत नाहीं.

मियू मिनी प्लस व आरजी ३५ एक्सएक्स यांचा पडदा ६४० गुणिले ४८० बिंदूंचा. प्लेस्टेशनचें चित्र दुप्पट केलें कीं तो कांठोकांठ भरतो, हिशेब निःशेष. गेम बॉय तिप्पट होऊन ४८० गुणिले ४३२ होतो. कडेला थोडी जागा उरते, तें चालतें. परंतु गेम बॉय अ‍ॅडव्हान्स दुप्पट होऊन ४८० गुणिले ३२० च होतो, म्हणजे पडद्याचें बरोबर अर्धें क्षेत्र काळें राहतें! ज्यास याच यंत्राचे खेळ प्रिय आहेत, त्यानें अर्ध्या पडद्याचे पैसे पाण्यांत कां घालावे? त्याच्यासाठीं अ‍ॅनबर्निकनेंच 'आरजी ३४ एक्सएक्स' काढलें आहे. त्याचा पडदा ७२० गुणिले ४८०, म्हणजे ठीक तिप्पट. एकही बिंदु वाया जात नाहीं. त्रैराशिक शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास असें यंत्र पाहून जो आनंद होतो, तो घरांतील इतर मंडळींस समजावून सांगणें कठीण.

'पॉवकिडी' कंपनीचें २०२३ चें 'आरजीबी ३०' हें एक विक्षिप्त पण लोभस यंत्र. त्याचा पडदा चौरस, ७२० गुणिले ७२०, चार इंचांचा. गेम बॉय यावर चौपट होऊन जवळजवळ पडदाभर बसतो, आणि मूळ चित्रही चौरसासारखेंच असल्यामुळें फार शोभतो. प्लेस्टेशन मात्र यावर दुप्पटच होतें व वर-खालीं काळे पट्टे राहतात. 'ट्रिमयूआय ब्रिक' (२०२४) याच्या ३.२ इंचांच्या पडद्यांत १०२४ गुणिले ७६८ बिंदु कोंबले आहेत. इंचास बरोबर ४०० पडतात. अशा सूक्ष्म पडद्यावर अपूर्णांकाचा दोष दिसेनासाच होतो, कारण बिंदु आधींच डोळ्यास वेगळा दिसत नाहीं. तरुणांस हें यंत्र निःसंशय आवडेल. ज्यांस चष्म्याखेरीज वर्तमानपत्र वाचवत नाहीं, त्यांनीं ३.२ इंच म्हणजे किती हें आधीं पट्टीनें मोजून पाहावें. त्याच कंपनीचें 'स्मार्ट प्रो' (२०२३) हें जवळजवळ पांच इंचांचें, आडवें, दोन दांड्यांचें, १२८० गुणिले ७२० बिंदूंचें. प्लेस्टेशन यावर तिप्पट होतें, दोहों बाजूंस पट्टे राहिले तरी चित्र मोठें दिसतें. आमच्या वयाच्या मंडळींस पसंत पडेल तें हेंच.

येथवर पहिला प्रश्न झाला. दुसरा, कोणाबरोबर, हा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. हातांतलें यंत्र स्वभावतःच एकलकोंडें. ज्यानें तें धरलें, त्याचाच खेळ. दुसऱ्यानें मान वांकडी करून डोकवावें. एकट्या राहणाऱ्या माणसास, आगगाडीच्या प्रवासास, हें ठीक. परंतु ज्या घरांत पांच-सहा मुलें आहेत, तेथें एका यंत्रावरून सायंकाळीं काय रणकंदन होतें याचा अनुभव पुष्कळांस असेल. आणि मूळ खेळांतील 'काँट्रा' सारखे कित्येक खेळ तर दोघांनीं खांद्याशीं खांदा लावून खेळण्यासाठींच रचलेले! म्हणून एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें आम्ही आरजी ३५ एक्सएक्स 'एच' किंवा 'प्लस' यांस पहिला मान देतों. यांस लहान एचडीएमआयचें छिद्र आहे. एका तारेनें यंत्र घरांतील मोठ्या दूरचित्रवाणीस जोडतां येतें, आणि ब्लूटूथनें दोन निराळे हातखेळवे, म्हणजे कंट्रोलर, लावतां येतात. मग तें हातांतलें यंत्र राहत नाहीं. पूर्वींचा फॅमिली कॉम्प्युटरच पुनः बैठकींत येतो. आमच्या घरीं अशा रीतीनें खेळ सुरू झाल्यापासून थोरले पुतणे व त्यांची कन्या हीं एका बाजूस, आणि धाकटे भाचे दुसऱ्या बाजूस, असे सामने होतात. वडिलांस एवढें चपळ खेळतां येतें हें त्या मुलीस ठाऊकच नव्हतें.

मियू मिनी प्लसला ही सोय नाहीं. परंतु त्याचा एक गुण उल्लेखनीय आहे. त्यासाठीं जगांतील हौशी मंडळींनीं विनामूल्य लिहिलेली 'ओनियन' नांवाची कार्यप्रणाली मिळते. खेळतां खेळतां आईची हांक आली, बटण दाबून यंत्र बंद केलें, तरी खेळ जेथल्या तेथें जतन होतो, आणि पुनः सुरू करतांच तेथूनच पुढें चालूं लागतो. पाहुण्यानें खेळावयास घेतलें तर त्याची नोंद वेगळी ठेवण्याचीही योजना तींत आहे. हीच गोष्ट जुन्या कॅसेटींत नसल्यामुळें 'हा टप्पा संपूं दे, मग जेवायला येतों' असे जे कलह घरोघर झाले, त्यांचें मूळ यंत्रांत होतें, मुलांत नव्हे. अ‍ॅनबर्निकच्या यंत्रांवर 'म्यूओएस' नांवाची अशीच एक लोकनिर्मित प्रणाली चढवितां येते. कंपनीनें दिलेल्या प्रणालीपेक्षां या बहुधा सरस असतात.

आतां त्या कार्डाची कहाणी. विक्रेता यंत्राबरोबर जें कार्ड देतो, त्यावरील हजारों खेळ त्याचे नसतात. ते ज्या कंपन्यांचे, त्यांची अनुज्ञा त्यानें घेतलेली नसते. यंत्र विकणें निर्दोष आहे. अनुकारक लिहिणेंही निर्दोष आहे. सोनीनें कनेक्टिक्स या कंपनीवर भरलेल्या दाव्यांत अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें २००० सालीं असाच निर्णय दिला कीं, अनुकारक रचण्यासाठीं मूळ यंत्राच्या प्रणालीचा उलट अभ्यास करणें व त्याकरितां तिची नक्कल करणें हा न्याय्य उपयोग होय. दोष आहे तो खेळांच्या फुकट वाटपांत. आमच्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम संगणकीय कार्यक्रमाच्या कायदेशीर धारकास हानि किंवा नाश यांपासून बचावासाठीं प्रत करून ठेवण्याची मुभा देतें. ज्याच्याजवळ मूळ प्रतच नाहीं, त्यास ती लागू कशी व्हावी? इटलींत तर २०२५ सालीं, पूर्वभरित खेळांच्या अशा यंत्रांची चित्रफितींतून वाखाणणी करणाऱ्या एका गृहस्थाकडे पोलिस चौकशीस गेले.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लहान नाहीं. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, तेथें २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत. मालक विकत नाहीं, आणि ग्राहकास दुसरा मार्ग नाहीं! कॅसेटींतील चिपा झिजतात. ज्यांत नोंद राखण्यासाठीं बिल्ल्याएवढा सेल घातलेला असे, त्या सेलाचा जीव संपला कीं नोंद नष्ट होते. पोथ्यांच्या नकला करणारे लेखक नसते, तर आपल्या हातीं आज काय राहिलें असतें? हा विचार मनांत येतोच. तरी नक्कल उतरवून घेणें आणि कोणाचीही पोथी बाजारांत मांडून पैसे करणें, यांत अंतर आहे. आणि हे कार्डविक्रेते दुसऱ्या वर्गांतले आहेत याबद्दल आम्हांस संदेह नाहीं.

मग सज्जन गृहस्थानें खेळावें तरी काय? जुन्या गेम बॉयच्या कॅसेटी ज्यांच्याजवळ आहेत, त्यांस त्यांतील खेळ संगणकावर उतरवून घेण्याचीं लहान उपकरणें मिळतात. ज्यांच्याजवळ नाहींत, त्यांच्यासाठींही कर्त्यांनीं स्वखुषीनें खुले केलेले खेळ थोडे नाहींत. जपानांतील एका कर्त्यानें जवळजवळ पांच वर्षें एकट्यानें खपून २००४ सालीं फुकट दिलेला 'केव्ह स्टोरी' हा या सर्व यंत्रांवर चालतो, आणि आमच्या मतें तो पैसे देऊन घेतलेल्या पुष्कळ खेळांहून श्रेष्ठ आहे. गेम बॉयसाठीं २०१७ सालीं निघालेला 'टोबू टोबू गर्ल', गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठींचा 'अँगुना', हेही असेच मुक्त. १९९३ च्या 'डूम'चा पहिला भाग कर्त्यांनींच वाटण्यास मोकळा ठेवला होता. मात्र तो लहान मुलांपुढें ठेवूं नये, रक्तपात फार. अशा दहा-पंधरा निवडक खेळांचें कार्ड त्या वीस हजारांच्या कार्डापेक्षां मुलांस अधिक लाभतें, असें आम्हीं घरीं पाहिलें आहे. वीस हजारांतून मूल एकही खेळ पुरा करीत नाहीं. पांच मिनिटें एक, पांच मिनिटें दुसरा, असें चाळवीत बसतें. दहांतून निवडावयाचें असलें म्हणजे शेवटपर्यंत जातें. आणि हे खेळ शेवट असलेले आहेत. हल्लींच्या मोबाइलवरील खेळांप्रमाणें ते मध्येंच जाहिरात दाखवीत नाहींत, कीं 'आणखी पैसे भरा' म्हणून मुलाच्या हातीं आईबापांचें पाकीट देत नाहींत.

सोबत आलेल्या कार्डावर विसंबूं नये, यास दुसरेंही कारण आहे. ती कार्डें हलक्या प्रतीचीं असतात. आमच्या एका पुतण्याच्या यंत्रांतलें कार्ड तिसऱ्याच महिन्यांत एकाएकीं वाचेनासें झालें. विक्रेत्यानें पत्रास उत्तर दिलें नाहीं. खेळ गेले त्याचें कोणास फारसें वाटलें नाहीं. परंतु त्याच्या मुलीनें सहा आठवडे रोज अर्धा तास खपून जेथवर मजल मारली होती ती नोंद गेली, आणि ती दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. यंत्र येतांच खात्रीच्या दुकानांतून नामांकित कंपनीचें कार्ड घ्यावें, प्रणाली त्यावर चढवावी, आणि नोंदींची प्रत महिन्यांतून एकदां संगणकावर ठेवावी. अ‍ॅनबर्निकच्या या कुळांत दोन कार्डांच्या खांचा असल्यामुळें प्रणाली एकीवर व खेळ दुसरीवर ठेवतां येतात. मियू मिनीस एकच.

खरेदीची वाट आपल्याकडे थोडी वांकडी आहे. चिनी माल थेट विकणाऱ्या 'अलीएक्सप्रेस'वर भारत सरकारनें नोव्हेंबर २०२० मध्यें बंदी घातली. तेव्हांपासून लोक येथील मध्यस्थांकडून घेतात, अथवा परदेशीं असलेला आप्त सुटीस येतांना आणतो. मध्यस्थाचा नफा व जकात मिळून मूळ किमतीवर बरीच भर पडते. म्हणून जाहिरातींतील डॉलरांचा आंकडा पाहून हिशेब करूं नये. जुन्या यंत्राचें नांव नव्या खोक्यावर छापून विकणारेही आढळतात. 'आरजी ३५ एक्सएक्स' एवढेंच लिहिलें असेल तर तें पहिलें, दुबळ्या चिपेचें यंत्र असण्याचा संभव असतो. पुढें 'प्लस', 'एच' किंवा 'एसपी' हीं अक्षरें आहेत कीं नाहींत तें पाहावें.

राहतां राहिली बॅटरी. यांतील कांहीं यंत्रें हल्लींच्या मोबाइलच्या शीघ्र चार्जरशीं पटवून घेत नाहींत. जुना, साधा, पांच व्होल्टचा चार्जर आणि एका टोकास चपटें यूएसबी असलेली तार वापरावी. तो बहुतेक घरीं कोणत्या ना कोणत्या खणांत पडलेला असतोच. यंत्र पुष्कळ दिवस वापरावयाचें नसेल, तर बॅटरी अगदीं रिकामी करून ठेवूं नये. सुमारें निम्मी भरून कपाटांत ठेवावी. मार्च महिन्यांत, परीक्षा जवळ आल्या म्हणजे, आमच्या येथें हा विधि नियमानें होतो, आणि कपाटाची किल्ली घरांतील वडील स्त्रीकडे असते.